'माझा किनारा': एका थट्टेचा इतिहास

१९६०च्या दशकात 'बीच बॉइज'ने कॅलिफोर्नियाचा किनारा सर्वांचे स्वप्न म्हणून गायिला. १९७६च्या किनारा-कायद्याने तेथील सार्वजनिक प्रवेशाच्या हक्काला बळ दिले. त्याच सुमारास मालिबूत डेनिस ड्रॅगन व ड्रू स्टील यांनी 'सर्फ पंक्स' हा बँड उभारला. १९८०च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नावच 'माय बीच'! सर्फिंग करणारा स्थानिक तरुण डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून येणाऱ्यांना हुसकावतो, ही त्यांतील भूमिका. ड्रॅगन पूर्वी बीच बॉइजच्या दौऱ्यांत ड्रम्स वाजवीत असे. म्हणजे स्वप्नाची थट्टा घरातूनच झाली. हे मालकीच्या हव्यासाचे विडंबन की समर्थन? आम्ही विडंबनच मानतो. मात्र निवेदक आणि कर्ता यांतील अंतर श्रोता विसरला, की उपरोधाचीच घोषणा होते.