तळातली माणसं

२४ मे १८८३. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन, तेव्हाची दोन वेगळी शहरं, नटून बसली होती. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर पायी पूल ओलांडून गेले. तोफा झाल्या, रात्री दारूकाम झालं. भाषणांचं तर विचारूच नका.

पण दोस्तांनो, ब्रुकलिन पूल उभा आहे तो नदीच्या तळात. दोन्ही काठांना लाकडाची एकेक अवाढव्य पेटी उपडी बुडवली होती. दाबाची हवा भरून पाणी बाहेर ढकललेलं, आणि आत माणसं गाळ उपसतायत, धोंडे फोडतायत. आयरिश, जर्मन, इटालियन. पोटासाठी बोटीनं आलेले. वर येताना दाब एकदम उतरायचा, रक्तात वायूचे बुडबुडे व्हायचे. सांधे पिळवटायचे. कुणी लुळा पडला, कुणी मेला. मे १८७२ मध्ये रोजाला तीन डॉलर मागत त्यांनी संप केला. फार मागितलं काय?

मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग याच रोगानं अधू झालेला. समारंभ त्यानं घराच्या खिडकीतून बघितला. त्याच्या वतीनं कामावर राबली त्याची बायको एमिली. ही नावं निदान इतिहासात आली. मजूर वीसाच्या वर मेले. पक्का आकडासुद्धा कुणी धड ठेवला नाही.

आणि दिवस कुठला निवडला? राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस! आयर्लंडचा दुष्काळ आठवणारे मजूर भडकले. तारीख बदला म्हणाले. बदलली नाही.

पूल लोकांना खुला झाला तेव्हा पायी जायचा टोल होता एक सेंट. गाळ उपसणारा आला, तरी एक सेंट.