मुका मार आणि न्यायाची दृष्टि

रक्त न सांडतां जो मार बसतो त्यास आपल्या भाषेंत 'मुका मार' म्हणतात. कातडी अभंग राहते. आंतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त मांसांत पसरतें. घाव खोल असल्यास तें वर दिसावयास एखाददुसरा दिवस लागतो, आणि सांवळ्या अंगावर कित्येकदां दिसतही नाहीं.

२६ मार्च १९७२ च्या रात्रीं देसाईगंजच्या पोलिस ठाण्यांत आपणांवर अत्याचार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीनें दोघां पोलिसांविरुद्ध केली. हें गांव तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. १९८२ सालापासून तें गडचिरोलींत मोडतें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां तिची वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम आढळली नाहीं. १९७४ सालीं चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानें आरोपींस सोडिलें. १९७६ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें, भीतीनें निमूट राहणें म्हणजे संमति नव्हे, असें म्हणून त्यांस दोषी ठरविलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. देहावर खूण नाहीं, त्याअर्थीं प्रतिकाराची हकीकत खोटी, हा त्या निकालाचा एक आधार होता.

या अनुमानांत दोन दोष आहेत, असें आम्हांस वाटतें. खूण दिसली नाहीं म्हणून मार बसलाच नाहीं, असें वैद्यकशास्त्र म्हणत नाहीं. आणि मार बसला नाहीं म्हणून संमति होती, असें न्यायबुद्धि म्हणूं शकत नाहीं. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या चौघांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें. पुढें देशभर चळवळ झाली. १९८३ च्या कायद्यानें, पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीनें संमति नव्हती असें सांगितल्यास न्यायालयानें तसें गृहीत धरावें, असें ठरविलें. पीडितेचें नांव छापणेंही दंडनीय केलें. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानूं नये, हें कलमांत स्पष्ट लिहावयास मात्र २०१३ साल उजाडलें.

मधल्या काळांत परिचारिकांनींही या प्रश्नांत लक्ष घातलें. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश रक्तांतील हिमोग्लोबिन शोषून घेतें. पिवळ्या चष्म्यांतून पाहिल्यास तेवढी जागा काळसर दिसते. साध्या उजेडांत न दिसणारे वळ या रीतीनें पुष्कळ अधिक सांपडतात, असें अमेरिकेंतील परिचारिका-संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. तथापि कातडीवरील इतर डागही तसेच भासूं शकतात. म्हणून हें साधन तपासणीस साह्य करील. पण त्या दिव्याखालीं कांहीं दिसलें नाहीं तर मुलीचा शब्द पुन्हां खोटा ठरवावयाचा असेल, तर आपण १९७८ सालच्या पुढें गेलों नाहीं.