१८ दिवसांत २-० चं ०-५ कसं झालं? मुंबई सिटीच्या मधल्या फळीचा विषय समजून घ्या

११ मार्च २०२५. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीग अर्थात आयएसएलच्या साखळी फेरीतला मुंबई सिटीचा शेवटचा सामना. मुंबईनं बेंगळुरूला त्यांच्याच मैदानावर २-० नं हरवलं आणि सहाव्या क्रमांकाचं, म्हणजे प्लेऑफचं शेवटचं तिकीट खिशात टाकलं.

२९ मार्च २०२५. तेच मैदान, तेच दोन संघ. यावेळी बाद फेरी. स्कोअर? बेंगळुरू ५, मुंबई ०.

पहिला गोल मारला सुरेश वांगजामनं, म्हणजे एका मध्यरक्षकानं. शेवटचा मारला जॉर्ज परेरा डियाझनं, जो वर्षभरापूर्वी मुंबईच्या जर्सीत आयएसएल कप जिंकून गेला होता. मधल्या काळात एडगर मेंडेझ, रायन विल्यम्स आणि सुनील छेत्रीनंही आपापला हिशोब चुकता केला.

त्या रात्रीनंतर मुंबईच्या चाहत्यांमध्ये एकच वाद पेटला. चूक कोणाची? डावपेच आखणारे कोच पीटर क्रॅटकी यांची, की चांगले मध्यरक्षक हातचे घालवणाऱ्या क्लबची? त्यासाठी आधी मधली फळी म्हणजे नेमकं काय, ते बघायला हवं.

पण मुंबईच्या क्लबचं मावळात कोणाला काय?

लोणावळ्याजवळचं औंढे घ्या. इथल्या फुटबॉलप्रेमीसाठी एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे. बालेवाडी अंधेरीपेक्षा जवळ. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा निवड सोपी होती. पुण्याचा स्वतःचा संघ होता, एफसी पुणे सिटी. मुंबई विरुद्ध पुणे या सामन्याला ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणायचे आणि घाटाच्या अलीकडचे-पलीकडचे असे सरळ दोन गट पडायचे.

२०१९ मध्ये पुणे सिटी बंद पडला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. त्यानंतर आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा म्हणून एकच क्लब उरला, मुंबई सिटी. २०२३ मध्ये तर हा क्लब स्वतःच बालेवाडीत आला. एएफसी चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने मुंबईनं पुण्यात ठेवले आणि १८ सप्टेंबर २०२३ ला इराणच्या नसाजी माझंदरान संघाशी बालेवाडीत सामना झाला. मुंबई तो ०-२ नं हरली. पण मावळातल्या माणसाला आशियातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर बघायला मिळाली, हे खरं. त्यामुळे हा वाद फक्त अंधेरीपुरता उरलेला नाही.

मधली फळी म्हणजे नक्की काय?

कबड्डी बघणाऱ्याला हे लवकर समजेल. बचाव करणारे हात धरून साखळी करतात. साखळी शाबूत असेल तर चढाईपटू अडकतो. मधला एक जण अर्धं पाऊल आधी पुढे गेला की साखळी तुटते आणि त्याच फटीतून समोरचा निसटतो. नंतर शिव्या खातो तो कोपऱ्यातला गडी. खरी चूक मात्र मध्ये झालेली असते.

फुटबॉलमध्ये मधल्या फळीचं तसंच असतं. बहुतेक संघ तिथे तीन खेळाडू ठेवतात आणि त्यांची कामं आकड्यांनी ओळखली जातात.

सहा नंबर: बचाव फळीच्या बरोबर पुढे उभा राहणारा. बचावपटूंकडून चेंडू घ्यायचा, मान वळवून पुढचं चित्र बघायचं आणि योग्य माणसाला द्यायचा. चेंडू गेला तर समोरच्याचा प्रतिहल्ला पहिल्यांदा यानंच थोपवायचा.

आठ नंबर: दोन्ही पेटींच्या मध्ये धावणारा. हल्ल्यात पाचवा माणूस, बचावात सातवा.

दहा नंबर: समोरच्या संघाच्या बचाव फळी आणि मधल्या फळीच्या मधली मोकळी जागा शोधणारा. गोलचा शेवटचा पास बऱ्याचदा याचाच.

तिघांपैकी एक जरी कमकुवत असला तरी बाकी दोघांचं काम वाढतं. सहा नंबर मंद असेल तर आठ नंबरला मागे थांबावं लागतं. आठ मागे थांबला की दहा एकटा पडतो. दहा एकटा पडला की स्ट्रायकरपर्यंत चेंडूच पोहोचत नाही. मग लोक म्हणतात, ‘स्ट्रायकर बदला.’

मुंबईची साखळी बनली कशी?

२०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२० मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले. येताना त्यांनी गोव्यातून आपल्या ओळखीची माणसं आणली. मोरोक्कोचा अहमद जाहू हा त्यातला सहा नंबर आणि ह्युगो बुमू दहा नंबर. सोबत स्पेनचा हर्नान सांताना होता.

जाहू किती महत्त्वाचा होता हे पहिल्याच सामन्यात कळलं, तेही उलट्या बाजूनं. २१ नोव्हेंबर २०२० ला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध पहिल्या हाफमध्येच त्याला लाल कार्ड मिळालं. मुंबई ०-१ नं हरली. तो परत आला आणि गाडी रुळावर आली. त्या हंगामात मुंबईनं लीग शील्ड जिंकली. मग १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ नं हरवून कपही जिंकला. बिपिन सिंगचा विजयी गोल ९० व्या मिनिटाला आला होता.

इथे एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा. त्या हंगामात एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात चालायचे. त्यामुळे लोबेरांना तीन-तीन परदेशी मध्यरक्षक खेळवणं परवडायचं. २०२१-२२ पासून ही मर्यादा चारवर आली. आता मधल्या फळीत किमान एक जागा पक्क्या भारतीय खेळाडूनं सांभाळणं प्रत्येक संघाला भाग पडलं.

मुंबईनं त्यासाठी मिझोरमचा लालेंगमाविया राल्ते, म्हणजेच अपुइया, नॉर्थईस्टकडून घेतला. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला. पण कोच डेस बकिंगहॅम यांच्या दुसऱ्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, सगळं जुळून आलं. जाहू, अपुइया, ग्रेग स्टुअर्ट आणि अल्बर्टो नोगेरा. सलग १८ सामने अपराजित, २० सामन्यांत ५४ गोल, ४६ गुण आणि पुन्हा शील्ड.

मग उसवली कधी?

एका दिवसात नाही. एकेक टाका निघत गेला.

२०२३ च्या उन्हाळ्यात जाहू ओडिशाला गेला. नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. त्याच काळात आशियाई पातळीवर मुंबईचं काय होतं ते अल हिलालनं दाखवून दिलं. रियाधमध्ये ०-६, नवी मुंबईत ०-२. समोरच्या ताफ्यात रुबेन नेवेस आणि मिलिंकोविच-साविचसारखे मध्यरक्षक होते. गटातले सहाच्या सहा सामने मुंबई हरली.

डिसेंबर २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकाचे क्रॅटकी आले. ते याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत सहायक कोच होते. थोड्याच दिवसांत स्टुअर्टही गेला. तरी क्रॅटकींनी संघ सावरला. नेदरलँड्सचा योएल व्हान नीफ मधल्या फळीत होता. शील्ड मुंबईनं एका गुणानं गमावली, मोहन बागान ४८ आणि मुंबई ४७. पण ४ मे २०२४ ला कोलकात्यात, मोहन बागानच्याच प्रेक्षकांसमोर, मुंबईनं ३-१ नं फायनल जिंकली. आधी एक गोल खाऊनही.

आणि इथेच खरी मेख आहे. कप जिंकून दोन-तीन महिने होतात न होतात, तोच अपुइया मोहन बागानकडे गेला. नोगेरा, परेरा डियाझ आणि बचावपटू राहुल भेके हे तिघं बेंगळुरूला गेले. म्हणजे मुंबईच्या कण्यातली माणसं थेट तिच्या दोन मोठ्या प्रतिस्पर्ध्यांकडे गेली. बदल्यात गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस, स्पेनचा जॉन टोराल अशी नावाजलेली माणसं आली. पण या दोघांचा जीव पुढचा पास देण्यात. चेंडू हिसकावून घेणारा, मैदानभर पळणारा अपुइया काही बदलून मिळाला नाही.

निकाल आकड्यांत दिसतो. २०२४-२५ मध्ये २४ सामने, ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, ३६ गुण. गोल फक्त २९. दोन वर्षांपूर्वी याच क्लबनं चार सामने कमी खेळून ५४ मारले होते.

कोचच्या विरोधातली बाजू

टीका करणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. माणसं बदलली तर डावपेचही बदलायला हवेत. जाहू किंवा अपुइयासारखा माणूस असेल तर गोलरक्षकापासून छोटे छोटे पास देत खेळ उभारणं जमतं. तो नसेल तर तोच खेळ अंगलट येतो. समोरचा संघ वर चढून दाबतो, चेंडू आपल्याच पेटीजवळ हरवतो आणि सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरा मुद्दा ९ बरोबरींचा. आघाडी टिकवायची तर सामना थंड करता यायला हवा आणि ते काम मधल्या फळीचं. तिथे तिसरा ताज्या दमाचा माणूस कधी आणायचा, हा निर्णय कोचचाच असतो. तिथे क्लबला दोष देता येत नाही.

कोचच्या बाजूनं काय म्हणता येईल?

पहिलं म्हणजे, हाच माणूस हंगामाच्या मध्यात येऊन कप जिंकून देऊ शकतो, तर एका उन्हाळ्यात त्याची अक्कल गहाण पडत नाही. दुसरं, मधल्या फळीची समज विकत मिळत नाही. कोण कधी पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार, हे सोबत खेळून खेळून अंगात भिनतं. अपुइया आणि नोगेरा एकापेक्षा जास्त हंगाम सोबत खेळले होते.

तिसरं, लीगमध्ये पगाराच्या खर्चावर मर्यादा आहे. राष्ट्रीय संघाच्या दर्जाचे भारतीय मध्यरक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक गेला की दुसरा मिळणं अवघड, कारण तो कुठल्या ना कुठल्या क्लबशी आधीच बांधलेला असतो. परदेशी आणावा तर चारची मर्यादा. मग स्ट्रायकर कमी करायचा की बचावपटू?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ११ मार्चचा सामना विसरून चालणार नाही. जवळपास त्याच माणसांनी, त्याच मैदानावर, त्याच बेंगळुरूला एकही गोल करू दिला नव्हता. म्हणजे माणसं अगदीच टाकाऊ नव्हती. २९ मार्चला सुरेशचा गोल लवकर झाला आणि मुंबईला पुढे जावं लागलं. पुढे गेलं की मागे जागा पडते. ती जागा झाकणारा माणूस संघात नसेल, तर एकाचे दोन आणि दोनाचे पाच व्हायला वेळ लागत नाही. माणसांची उणीव क्लबची होती. ती उघडी पडेल असा सामना होऊ देणं ही कोचची जबाबदारी होती.

पुढच्या वेळी सामना बघताना

चेंडूवरून नजर काढून तीन गोष्टी बघा.

एक, आपला संघ हल्ला करत असताना सहा नंबर कुठे उभा आहे? तो समोरच्या स्ट्रायकरच्या जवळ असेल तर बरं. तोही हल्ल्यात गेला असेल तर धोका.

दोन, हवेतला चेंडू कोणीतरी डोक्यानं मारला की तो पडतो कुठे आणि तिथे आधी पोहोचतं कोण? सतत समोरचेच पोहोचत असतील तर मधली फळी हरते आहे, स्कोअर काहीही असो.

तीन, ६० व्या मिनिटानंतर बचाव फळी आणि मधली फळी यांच्यातलं अंतर वाढतंय का? ते वाढलं की बदलाची वेळ झाली. कोचनं तो बदल कधी केला, हे घड्याळात बघून ठेवा. नंतर वाद घालताना उपयोगी पडतं.

आणि अपुइयाचं पुढे काय झालं? ७ एप्रिल २०२५ ला कोलकात्यात जमशेदपूरविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये, भरपाईच्या वेळेत, त्यानं लांबून असा काही चेंडू हाणला की मोहन बागान थेट फायनलमध्ये गेला. पाच दिवसांनी त्यांनी बेंगळुरूला हरवून कपही उचलला. शील्ड तर आधीच त्यांच्या कपाटात होती.

मुंबईनं २०२०-२१ मध्ये एकाच हंगामात शील्ड आणि कप जिंकले होते, ते मधल्या फळीच्या जोरावर. चार वर्षांनी मोहन बागाननं तीच कामगिरी केली तेव्हा त्यांच्या मधल्या फळीत मुंबईतून गेलेला अपुइया होता आणि ताफ्यात ग्रेग स्टुअर्टही.