पाश्चात्त्य लग्नविधींचा अर्थ : दंतकथा आणि दस्तऐवज

पांढराशुभ्र झगा, चेहऱ्यावर झिरझिरीत जाळी, हातात पुष्पगुच्छ आणि वडिलांच्या हातात हात घालून वेदीकडे चालत येणारी वधू. चित्रपटांनी हे दृश्य जगभर इतके परिचित केले आहे की ते अनादी काळापासून असेच चालत आले असावे, असा समज सहज होतो. प्रत्येक प्रथेला चिकटलेले एखादे गोड स्पष्टीकरणही आपल्या कानांवर आलेले असते. पांढरा रंग पावित्र्याचा, अंगठीच्या बोटातून थेट हृदयाकडे जाणारी शीर, करवल्या भुताखेतांना चकवण्यासाठी! यांपैकी बरीच स्पष्टीकरणे प्रथेपेक्षा वयाने लहान आहेत. भारतात या प्रथा प्रामुख्याने इंग्रजांकरवी पोहोचल्या. त्या इंग्लंडपुरता विचार केला, तर त्यांचा अर्थ लोककथांपेक्षा चर्चच्या प्रार्थनापुस्तकात, संसदेच्या कायद्यांत आणि व्यापाऱ्यांच्या जाहिरातींत अधिक स्पष्टपणे वाचता येतो. विवाहानंतर स्त्री कोणाच्या अधिकाराखाली आणि तिची मालमत्ता कोणाची, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा डोकावतो.

प्रथम पांढऱ्या पोशाखाविषयी. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील चॅपेलमध्ये राणी व्हिक्टोरियाचा प्रिन्स अल्बर्टशी विवाह झाला. तिने पांढऱ्या सॅटिनचा पोशाख निवडला आणि त्यावर डेव्हन परगण्यातील कारागिरांनी विणलेली हॉनिटन लेस चढवली. यंत्राच्या लेसपुढे हा हातमागाबाहेरचा, बोटांवरचा धंदा तेव्हा डबघाईला आला होता. राणीच्या निवडीने त्याला आधार मिळाला. डोक्यावर मुकुट नव्हता. संत्र्याच्या फुलांचा गजरा होता. त्यापूर्वीही काही राजकन्यांनी पांढरे वस्त्र नेसले होते, पण तो नियम नव्हता. सामान्य घरातील वधू आपला सर्वांत चांगला पोशाख घाली, मग तो निळा असो, तपकिरी असो वा चक्क काळा. पुढे तोच पोशाख दर रविवारी चर्चला जाताना वापरला जाई. पांढरे वस्त्र एकदाच नेसून ठेवून देणे हे धुण्याची आणि खर्चाची ददात नसलेल्या घरांनाच परवडणारे होते. म्हणजे पांढरा रंग आधी ऐपतीचा होता, पावित्र्याचा नंतर झाला. आणि हे ‘नंतर’ फार लांब नव्हते. १८४९ मध्ये, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, ‘गोडीज लेडीज बुक’ हे अमेरिकन मासिक आपल्या वाचकांना हा रंग वधूसाठी प्राचीन काळापासून योग्य मानला गेल्याचे सांगू लागले. फ्रान्सच्या राण्यांचा सुतकाचा रंग पांढरा होता, ही गोष्ट अशा लेखांत अर्थातच येत नसे. रोमन वधूचे अवगुंठनही पांढरे नसून ज्वालेच्या पिवळसर केशरी छटेचे असे.

अंगठीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. डाव्या हाताच्या अनामिकेतून हृदयाकडे एक सूक्ष्म नाडी जाते, ही कल्पना दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस जेलियस याने इजिप्शियनांच्या नावावर नोंदवली आहे. शरीरशास्त्राला अशी खास नाडी ठाऊक नाही. इंग्लंडमध्ये मध्ययुगात विवाहाची अंगठी उजव्या हातात घालत. १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ती डाव्या हातात आणली. तेव्हा बोट हृदयाने नव्हे, तर धर्मसुधारकांनी ठरवले असे म्हणावे लागते! त्याच पुस्तकात वराने अंगठीबरोबर सोने-चांदीही द्यावी, असे होते. १५५२ च्या आवृत्तीत ती गळली आणि अंगठी तेवढी उरली. रोममध्ये वाङ्निश्चयाच्या वेळी पाठवायची अंगठी लोखंडाची आणि खड्याविना असे, हे प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. लोखंडापासून हिऱ्यापर्यंतच्या प्रवासात प्रेमाइतकाच जाहिरातीचा वाटा आहे. हिऱ्याची अंगठी राजघराण्यांत पूर्वीही दिली जात होती. परंतु मध्यमवर्गीय तरुणाला ती अनिवार्य वाटू लागली ती विसाव्या शतकात. दक्षिण आफ्रिकेतील खाणींमुळे हिऱ्यांचा पुरवठा मुबलक झाला होता. ‘डी बिअर्स’ कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी या अमेरिकन जाहिरात-लेखिकेने १९४७ मध्ये हिऱ्याला चिरंतनत्व बहाल करणारे घोषवाक्य लिहिले आणि मागणीची बाजू सांभाळली गेली. आज पुण्या-मुंबईच्या साखरपुड्यात जो हिरा चमकतो, त्याच्या वंशावळीत हे घोषवाक्य आहे.

अंगठी घालताना वराने उच्चारायच्या वचनात आपली सारी ऐहिक संपत्ती वधूला अर्पण करण्याची भाषा होती. कायदा मात्र नेमका उलट होता. विल्यम ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने १७६५ मध्ये इंग्लिश कायद्यावरील आपल्या भाष्यात स्पष्ट केले की, विवाहामुळे पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होतात आणि विवाहकाळात स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व स्थगित होते. तिचे दागिने, रोकड, फर्निचर पतीच्या मालकीचे होत. तिची मजुरीदेखील त्याचीच. जमिनीवर तिचे नाव राहिले तरी उत्पन्न आणि कारभार त्याच्याकडे जाई. श्रीमंत घराणी विश्वस्तनिधी करून मुलींची सोय लावत. धुणे धुऊन पोट भरणाऱ्या बाईला तो मार्ग नव्हता. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने तिला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा व्यापक हक्क दिला. भारतात याच नावाचा कायदा १८७४ मध्ये आला. पत्नी आणि मुलांच्या नावे संरक्षित राहणारी आयुर्विमा पॉलिसी त्याच्याच सहाव्या कलमाखाली काढली जाते.

या पार्श्वभूमीवर वडिलांनी वधूला ‘देण्याचा’ विधी वाचला पाहिजे. ही स्त्री कोण देत आहे, असा प्रश्न धर्मगुरू विचारतो. वडिलांच्या किंवा आप्ताच्या हातून तिला स्वीकारतो आणि वराच्या हाती सोपवतो. आपल्याकडील कन्यादानाशी याचे साम्य चटकन जाणवते. मात्र कन्यादानाला पुण्याची चौकट आहे. इंग्लिश विधीत असे पुण्य सांगितलेले नाही, आहे ते अधिकाराचे हस्तांतर. वधूच्या शपथेत पतीची आज्ञा पाळण्याचे वचन होते, वराच्या शपथेत नव्हते. राजकन्या एलिझाबेथने १९४७ मध्ये ते वचन उच्चारले. १९८१ मध्ये डायनाने ते गाळले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती.

करवल्या आणि ‘बेस्ट मॅन’ यांच्याबद्दल हमखास सांगितले जाते की पूर्वी मुली पळवून आणत, तेव्हा वराला तलवारबाज मित्र लागे. इतिहासात अपहरणे झाली यात शंका नाही, पण ‘बेस्ट मॅन’ त्यातून आल्याचा पुरावा नाही. लग्नातील लुटुपुटीची झटापट, वधूला उचलून नेणे यांना अपहरणाचे अवशेष मानण्याची मांडणी जॉन मॅक्लेनन या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली ‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ या ग्रंथात केली आणि ती फार लोकप्रिय झाली. वधूला उंबरठ्यावरून उचलून नेण्याच्या रोमन प्रथेचे कारण प्लुटार्कलाही पक्के माहीत नव्हते. त्याने प्रश्नार्थक स्वरात तीन शक्यता मांडल्या आहेत. सॅबाइन स्त्रियांचे अपहरण ही त्यांतील केवळ एक. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा जाणकार जिथे अडखळला, तिथे आजच्या लग्नपुस्तिका बेधडक उत्तर देतात.

लग्नाच्या वेळेमागे मात्र निखळ नियम आहे. १६०४ च्या चर्च-नियमांनुसार विवाह सकाळी आठ ते बारा याच वेळेत लागे. १८८६ मध्ये ही मर्यादा दुपारी तीनपर्यंत आणि १९३४ मध्ये सायंकाळी सहापर्यंत वाढली. नंतरचे जेवण कितीही वाजता असले तरी इंग्रज त्याला अजून लग्नाचा ‘ब्रेकफास्ट’ म्हणतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ यातही सकाळी सहा ते सायंकाळी सात ही वेळ सर्वसाधारणपणे नेमून दिलेली आहे. विवाह उजेडात, साक्षीदारांसमोर व्हावा, हा उद्देश. चोरून होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांचा १७५३ चा कायदा आला. एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने विवाह करायचा तर पालकांची संमती बंधनकारक झाली आणि चर्चमधील पूर्वघोषणेच्या वेळी आक्षेप घेण्याची मुभा पालकांना मिळाली. घराण्याची इस्टेट भलत्याच्या हाती जाऊ नये, ही काळजी त्यामागे होतीच. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून प्रेमी जोडपी घोडागाडीने सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी धाव घेत आणि लोहाराच्या ऐरणीसमोर विवाहबद्ध होत. १८५६ पासून तेथे एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली आणि ही धावाधाव मंदावली.

नवविवाहितांवर धान्य उधळणे हा समृद्धीचा संकेत आपल्याला अक्षतांमुळे परका नाही; इंग्लंडमध्ये पूर्वी गहू असे, तांदूळ एकोणिसाव्या शतकात रुळला. वधूने जुने, नवे, उसने आणि निळे असे काहीतरी अंगावर घ्यावे व बुटात सहा पेन्सचे चांदीचे नाणे ठेवावे, हा संकेतही त्याच शतकाच्या उत्तरार्धात छापील स्वरूपात दिसू लागतो. पुढे १९४७ पासून त्या नाण्यात चांदीच राहिली नाही आणि १९८० मध्ये ते चलनातून बाद झाले. वधूच्या प्रवेशाला वाजणारी वॅग्नरची धून तर १८५० च्या ‘लोएनग्रीन’ या संगीतिकेतली आहे. त्या संगीतिकेत हे लग्न पहिल्याच रात्री मोडते, हे वाजवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते.

गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती समाजात या साऱ्याला स्थानिक जोड मिळाली. पांढरा गाऊन चर्चमध्ये असतो. पण गोव्यात आदल्या दिवशी नारळाच्या रसाने ‘रोस’ होतो, लग्नानंतर वधू लाल ‘सादो’ नेसते आणि ईस्ट इंडियन घरांत वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणले जाते.

इंग्लंडमधील विवाहनोंदणीत १८३७ पासून वधू-वरांच्या वडिलांचे नाव व व्यवसाय यांसाठी रकाना होता, आईसाठी नव्हता. तो ४ मे २०२१ रोजी आला.