स्त्रियांमधील रक्तक्षय

स्त्रियांमधील रक्तक्षय म्हणजे स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तिचे वय व शारीरिक अवस्था यांनुसार ठरवलेल्या किमान पातळीपेक्षा कमी असण्याची स्थिती होय. या स्थितीला पांडुरोग, रक्ताल्पता किंवा ॲनिमिया असेही म्हणतात. हिमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींमधील लोहयुक्त प्रथिन असून ते फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या सर्व भागांपर्यंत पोहोचवते. ते कमी झाल्यास स्नायू, मेंदू व हृदय यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे सर्वांत प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयोगटातील पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते.

निकष
जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानले जाते. ११ ते ११.९ ग्रॅम हा सौम्य, ८ ते १०.९ ग्रॅम हा मध्यम आणि ८ ग्रॅमपेक्षा कमी हा तीव्र रक्तक्षय होय. गरोदरपणात रक्तातील द्रवभाग वाढल्यामुळे रक्त काहीसे विरळ होते. त्यामुळे गरोदर स्त्रियांसाठी सर्वसाधारण मर्यादा ११ ग्रॅम असून ७ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन तीव्र रक्तक्षयात मोडते.

हिमोग्लोबिन कमी होण्यापूर्वीच शरीरातील लोहाचा साठा घटू लागतो. हा साठा फेरिटिन या प्रथिनाच्या रक्ततपासणीवरून समजतो. म्हणून हिमोग्लोबिन मर्यादेत असलेल्या स्त्रीलाही लोहाची कमतरता असू शकते.

लक्षणे
थकवा, थोड्या श्रमानेही धाप लागणे, छातीत धडधड, चक्कर, डोकेदुखी, एकाग्रता न होणे, केस गळणे आणि पापण्यांची आतली बाजू, जीभ व नखे फिकट दिसणे ही सामान्य लक्षणे आहेत. दीर्घकाळ लोह कमी असल्यास नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात. काही स्त्रियांना माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची तीव्र इच्छा होते.

रक्तक्षय बहुधा हळूहळू वाढतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, हालचाली मंदावतात आणि स्त्री आपली दैनंदिन कामे रेटत राहते. घरकाम, शेतीकाम किंवा नोकरी यांमुळे येणारा थकवा स्वाभाविकच असतो असा समज रूढ असल्याने अनेकींचे निदान गरोदरपणातील तपासणीत किंवा शस्त्रक्रियेपूर्वी प्रथमच होते.

कारणे
प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो. शरीरातून दररोज सुमारे १ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे मासिक पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेल्यास १५ ते २० मिलिग्रॅम लोहाची भर या हानीत पडते. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्तस्राव होत असल्यास आहारातून ही हानी भरून निघणे अवघड होते. गर्भाशयातील गाठी, संप्रेरकांचे असंतुलन व रक्त गोठण्याचे विकार ही अतिरक्तस्रावाची काही कारणे होत. एका गरोदरपणासाठी सुमारे १ ग्रॅम लोह लागते. कमी वयातील मातृत्व व दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर यांमुळे लोहाचा साठा पुन्हा भरून येत नाही.

याखेरीज पुढील कारणेही महत्त्वाची आहेत :
- फोलेट किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ब-१२ प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींमध्ये, विशेषतः दूध कमी घेणाऱ्यांमध्ये, त्याची उणीव आढळते.
- अंकुशकृमींचा प्रादुर्भाव. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात.
- हिवताप, क्षयरोग, मूत्रपिंडाचे विकार व दीर्घकालीन दाह.
- सिकलसेल व थॅलेसेमिया हे आनुवंशिक विकार. महाराष्ट्रात सिकलसेल प्रामुख्याने नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत व विदर्भात आढळतो.

सामाजिक कारणांमध्ये घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले अन्न स्त्रीने खाण्याची प्रथा, स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष आणि मासिक पाळीतील तक्रारींविषयी बोलण्याचा संकोच यांचा समावेश होतो.

परिणाम
गरोदरपणातील तीव्र रक्तक्षयामुळे अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ व मातामृत्यू यांचा धोका वाढतो. निरोगी स्त्री सहन करू शकेल एवढा प्रसूतीवेळचा रक्तस्रावही रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. किशोरवयात रक्तक्षयाचा परिणाम अभ्यासातील एकाग्रतेवर व शारीरिक क्षमतेवर होतो.

श्रमशक्तीवरील परिणामही मोजण्याजोगा असतो. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहाचा उपचार मिळालेल्या स्त्रियांची हालचाल व चहाची पाने खुडण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. नियमित धावणे किंवा दमश्वासाचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्येही लोहाची कमतरता दिसून येते. व्यायामाची क्षमता कारणाशिवाय घटत असल्यास सराव वाढवण्याऐवजी रक्ततपासणी करून घेणे इष्ट ठरते.

ऋतुमानाशी संबंध
अंकुशकृमींच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात व अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. उघड्यावरील शौच व पावसाळ्यात चिखलात अनवाणी केली जाणारी शेतीची कामे यांमुळे हा धोका वाढतो. पावसाळ्यात व त्यानंतर हिवतापाचेही रुग्ण वाढतात. चातुर्मासात अनेक स्त्रिया उपवास करतात. साबुदाणा हा जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ असल्याने त्यातून लोह अत्यल्प मिळते. राजगिरा व शेंगदाणे हे तुलनेने पोषक पर्याय आहेत.

हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याची भाजी, बाजरी व तीळ यांच्या जोडीने आवळा, पेरू व संत्री ही क-जीवनसत्त्वयुक्त फळे मिळतात. उन्हाळ्यात ताज्या पालेभाज्यांची उपलब्धता घटते. ऊसतोडणीसारख्या हंगामी स्थलांतराच्या काळात स्त्रियांची तपासणी व गोळ्यांचा क्रम खंडित होण्याची शक्यता असते.

आहार
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम, तर पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळणे अपेक्षित आहे. मांस, मासे व यकृत यांतील लोह शरीरात सहज शोषले जाते. धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोहाचे शोषण कमी होते व ते जेवणातील इतर घटकांवर अवलंबून असते.

जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्च्या भाज्यांची कोशिंबीर असल्यास क-जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणल्याने व पीठ आंबवल्याने शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहा-कॉफीमुळे शोषण घटते. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लोखंडी कढईत, विशेषतः आंबट पदार्थ शिजवल्यास, अन्नात काही प्रमाणात लोह उतरते.

महाराष्ट्रात बाळंतिणीला अळिवाचे लाडू व खीर देण्याची परंपरा आहे. अळीव, कारळे, तीळ व बाजरी हे लोहाचे उपयुक्त स्रोत आहेत. गूळ, खजूर किंवा बीट यांमुळे रक्त झपाट्याने वाढते हा समज मात्र अतिरंजित आहे. स्थापित रक्तक्षय केवळ आहाराने क्वचितच लवकर भरून निघतो.

निदान व उपचार
संपूर्ण रक्तगणनेत तांबड्या पेशींचा सरासरी आकार समजतो. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान व फिकट, तर फोलेट किंवा ब-१२ च्या कमतरतेत मोठ्या होतात. दोन्ही कमतरता एकत्र असल्यास आकार सामान्य दिसू शकतो.

लोहाच्या कमतरतेवर लोहाच्या गोळ्या हा पहिला उपचार आहे. मळमळ, बद्धकोष्ठता व काळे शौच हे त्यांचे सामान्य परिणाम आहेत. यांपैकी शौचाचा काळा रंग निरुपद्रवी असतो. ही गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढू लागते. परंतु साठा भरून येण्यासाठी ते पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात. बरे वाटताच गोळ्या बंद करणे हे रक्तक्षय पुन्हा उद्भवण्याचे एक प्रमुख कारण आहे. गोळ्या सहन होत नसल्यास किंवा गरोदरपणाच्या उत्तरार्धात मध्यम ते तीव्र रक्तक्षय असल्यास शिरेवाटे लोह दिले जाते. अतितीव्र रक्तक्षयात रक्त चढवावे लागते.

रक्तस्राव, कृमी किंवा अन्य मूळ कारणावर उपचार न केल्यास गोळ्यांचा लाभ टिकत नाही. थॅलेसेमियासारख्या विकारांत शरीरात लोह साचण्याचा धोका असल्याने कारण न तपासता दीर्घकाळ लोह घेणे अपायकारक ठरू शकते.

इतिहास
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय असून त्यात लोहयुक्त औषधांचाही उल्लेख येतो.

आधुनिक संशोधनातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईशी निगडित आहे. ब्रिटिश रक्तरोगतज्ज्ञ लुसी विल्स (१८८८–१९६४) या १९२८ मध्ये भारतात आल्या व मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणी कामगारांमध्ये, आढळणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या रुग्णांच्या रक्तपेशी आकाराने मोठ्या होत्या. या विकाराचे मूळ जंतुसंसर्गात नसून निकृष्ट आहारात आहे आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. त्यांचा शोधनिबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कातील अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले आणि १९४० च्या दशकातच येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा सहभाग असलेल्या चमूने त्याचे संश्लेषण केले. आज गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर फॉलिक आम्ल दिले जाते.

भारतातील स्थिती
सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५–१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ५३ टक्के होते. पाचव्या फेरीत ते ५७ टक्के झाले. याच काळात महाराष्ट्रातील प्रमाण ४८ वरून सुमारे ५४ टक्क्यांवर, तर गोव्यातील सुमारे ३१ वरून ३९ टक्क्यांवर गेले. १५ ते १९ वयोगटातील मुलींमध्ये देशातील प्रमाण ५९ टक्के होते. या फेऱ्यांत बोटाच्या टोकातून घेतलेले रक्त तपासले गेले; शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीपेक्षा ही पद्धत कमी विश्वासार्ह असल्याचा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे. जागतिक पातळीवर याच वयोगटातील सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शासकीय कार्यक्रम
भारताने १९७० मध्ये पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ हे अभियान राबवले जाते. त्यानुसार किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी, तर गरोदर व स्तनदा मातांना प्रत्येकी १८० दिवस दररोज लाल गोळी दिली जाते. या गोळ्यांत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना जंतनाशक औषध देतात. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे.

या गोळ्या आशा व अंगणवाडी सेविका, शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत विनामूल्य मिळतात. मात्र दुष्परिणामांची भीती, ‘गोळ्यांमुळे बाळ मोठे होऊन प्रसूती अवघड होते’ किंवा ‘बाळ काळे होते’ यांसारखे गैरसमज आणि पुरवठ्यातील खंड यांमुळे मिळालेल्या सर्व गोळ्या घेतल्या जातातच असे नाही. शिवाय शाळा सोडलेल्या मुली, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रिया आणि स्थलांतरित कामगार स्त्रिया यांच्यापर्यंत नियमितपणे पोहोचणे हे या कार्यक्रमांपुढील आव्हान आहे.