हरवलेल्या तुकड्यांचा हिशेब

१९४७ साली बेल लॅब्जमधले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना तिथला रिले-संगणक फक्त शनिवार-रविवारी मिळायचा. सुट्टीमुळे यंत्रापाशी कुणी नसे. आकडेमोडीत चूक झाली की यंत्राला ती कळे, पण दुरुस्त करता येत नसल्यामुळे ते चालू काम सोडून पुढचं हाती घेई. लागोपाठ दोन सोमवारी काम अर्धवट पडलेलं पाहून हॅमिंग वैतागले. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? या वैतागातून निघालेले, चूक शोधून सुधारणारे संकेत १९५० साली प्रसिद्ध झाले.

चूक झाल्याचं नुसतं ओळखायला ‘पॅरिटी’ पुरत असे. मूळ माहितीच्या जोडीला तिच्यावरूनच काढलेली थोडी जास्तीची माहिती ठेवायची, एवढंच. आणि काय हरवलं ती जागा ठाऊक असेल, तर याच जास्तीच्या माहितीवरून हरवलेलंही परत मिळतं: वाण्याच्या बिलातला एक आकडा पाण्याने पुसला गेला तरी बेरीज शाबूत असेल तर तो काढता येतो. दोन पुसले गेले तर मात्र एका बेरजेने भागत नाही. मग आणखी एक बेरीज हवी, आणि तीही वेगळ्या धाटणीची: पहिला आकडा एकपट, दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट धरून केलेली.

एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली अवघ्या पाच पानांच्या लेखात याच धाटणीचं पक्कं गणित मांडलं. ते वापरण्याजोगी यंत्रं तेव्हा नव्हती. पुढे व्हॉयेजर-२ यानाने १९८६ साली युरेनसची छायाचित्रं पाठवताना हेच संकेत वापरले. त्याआधी १९८२ साली बाजारात आलेली सीडी ओरखडे सोसून गाऊ लागली तीही त्यांच्याच बळावर. आज टपरीवर चिकटवलेला, कोपऱ्यात फाटलेला क्यूआर कोड स्कॅन होतो, त्यामागेही रीड-सॉलोमनच आहेत.

घरच्या संगणकावरच्या फायलींपर्यंत मात्र हे गणित आलं ते युजनेटच्या गल्लीतून. १९७९-८०मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी उभारलेली ही संगणकांवरून संदेश देवाणघेवाणीची व्यवस्था मजकुरासाठी होती. लोक तिच्यावरून गाणी, चित्रं, सॉफ्टवेअर पाठवू लागले. (त्यात चोरीचा मालही भरपूर होता, इतिहास सांगताना तो झाकण्यात अर्थ नाही.) मोठ्या फायलीचे रार प्रकारातले पन्नास-साठ भाग करायचे आणि प्रत्येक भाग अनेक संदेशांत वाटून टाकायचा, अशी रीत होती. वाटेत सर्व्हर काही संदेश गाळत. एक भाग अपुरा आला की बाकीचे सगळे असून नसल्यासारखे. मग ‘सत्ताविसावा भाग पुन्हा टाका’ अशा विनवण्या सुरू होत, आणि प्रत्येकाचा हरवलेला भाग वेगळा असे!

२००१ साली टोबियास रीपर आणि स्टेफान वेहलूस यांनी यावर ‘पार्काइव्ह’ हा उपाय काढला. पन्नास भागांच्या जोडीला पाच ‘पार’ म्हणजे दुरुस्तीच्या फायली टाकल्या की कुणाचा कुठलाही भाग हरवो, पाचपर्यंतची तूट ज्याची त्याने भरून काढावी. खरी करामत ‘कुठलाही’ या शब्दात आहे.

पण चूक सुधारणाऱ्या या पद्धतीतच एक चूक होती. टेनेसी विद्यापीठाच्या जेम्स प्लँक यांच्या १९९७च्या ज्या लेखावर हे गणित बेतलं होतं, त्यातच दोष होता. त्यामुळे पुरेशा पार फायली हाताशी असूनही क्वचित काही भाग परत मिळत नसत. प्लँक यांनी पुढे सहकाऱ्यासह दुरुस्ती प्रसिद्ध केली. शिवाय पहिल्या पारमध्ये एक बाइट बिघडला तरी अख्खा भाग बाद धरला जाई. त्यानंतर आलेल्या पार-२ने फायलींचे छोटे ठोकळे पाडले, प्रत्येकाची ओळखखूण नोंदवली आणि जेवढे ठोकळे बिघडले तेवढेच दुरुस्तीचे ठोकळे मागितले.

युजनेटची गर्दी ओसरली, पण पार-२ राहिलं, ते बॅकअप सांभाळणाऱ्यांकडे. झिप फाइल आपण बिघडल्याचं सांगते, बरी मात्र होत नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या हार्ड डिस्कवर कौटुंबिक फोटोंच्या झिपशेजारी दहा टक्क्यांचं पार-२ असेल, तर तेवढ्या मर्यादेतला बिघाड दुरुस्त होतो. डिस्कच मेली तर मूळ आणि पार दोन्ही एकदम जातात; म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच. आणि पार फायली बिघाड झाल्यावर बनवता येत नाहीत, त्या आधीच बनवून ठेवाव्या लागतात.