डिस्चार्जच्या कागदावर नसलेली गोष्ट

गेले दोन वीकेंड काहीच लिहिलं नाही. कारण आळस नव्हता (या वेळी तरी!). एक मित्र माझ्याकडून अभ्यास करून घेत होता.

तर झालं असं. हा मित्र माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा. दीड वर्षापूर्वी हायवेवर त्याच्या बाइकला अपघात झाला. छातीच्या दहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं अंग गेलं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हॉस्पिटलमधून निघताना त्याला सगळं शिकवलं होतं. कॅथेटर कसा घालायचा, कूस किती वेळानं बदलायची, खुर्चीवरून पलंगावर कसं सरकायचं. एका विषयावर मात्र एक ओळ नाही. त्यानं धीर करून विचारलं, तर उत्तर मिळालं, "आधी जीव वाचलाय ते बघा." मग महिन्यापूर्वी तो मला म्हणाला, "तू रात्र रात्र बग शोधत बसतोस ना? मग हे शोधून दे. आमचं ते सगळं संपलं का, एवढंच सांग." त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीनंच हे लिहितोय.

शोधायला बसलो आणि पोचलो थेट दुसऱ्या महायुद्धात.

त्याआधी हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं, कारण विचारणारा जगतच नसे. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळी लागलेले बहुतेक सैनिक बेडसोअर्सनी नाहीतर लघवीच्या इन्फेक्शननं गेले. हे बदललं लुडविग गुटमन या डॉक्टरनं. हा ज्यू न्यूरोसर्जन 1939 मध्ये जर्मनीतून निसटून इंग्लंडला आला. 1 फेब्रुवारी 1944 ला त्यानं स्टोक मँडविल हॉस्पिटलात मज्जारज्जूच्या पेशंट्सचा वॉर्ड उघडला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायची हा त्याचा हुकूम. साधी गोष्ट, पण माणसं जगायला लागली. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यानं हॉस्पिटलच्या आवारात 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेल्या आपल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते याच स्पर्धांमधलं. 'चंदू चॅम्पियन'मुळे आता ते सगळ्यांना माहीत आहे.

गुटमनची दुसरी बाजू मात्र सिनेमात येत नाही. त्याचे पेशंट विशी-पंचविशीतले. जगणार हे नक्की झाल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न काय असणार? लग्न होईल का, मुलं होतील का. गुटमननं तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पाठीच्या कण्यात प्रॉस्टिग्मिन नावाचं औषध टोचून वीर्य मिळवता येतं का, हे त्याच्या वॉर्डात तपासलं गेलं. 1971 मध्ये वॉल्शबरोबर त्यानं त्यावर पेपर लिहिला. प्रकार त्रासदायक होता, उलट्या, डोकेदुखी, ब्लडप्रेशर चढणं वगैरे. तरी पेशंट तयार व्हायचे, यावरून काय ते समजा.

अमेरिकेत हाच विषय 1950 मध्ये चक्क थिएटरात आला. 'द मेन' हा मार्लन ब्रँडोचा पहिला सिनेमा. त्यात तो व्हीलचेअरवरचा सैनिक आहे, आणि त्याचं लग्न टिकेल का हाच कथेचा गाभा. भूमिकेच्या तयारीसाठी ब्रँडो खऱ्या पेशंट्सबरोबर हॉस्पिटलात राहिला होता.

मग 1960 मध्ये बोर्स आणि कोमार या डॉक्टरांनी 529 पेशंट्सचा अभ्यास छापला, आणि इथे मला माझ्या मित्राचं उत्तर सापडलं. ताठरतेला दोन रस्ते असतात. एक मेंदूतून, मनात काही आलं की खाली निरोप जातो. दुसरा मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशी, स्पर्श झाला की तिथल्या तिथे प्रतिसाद. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन सर्व्हरशी कनेक्शन तुटलं तरी लोकल मशीन चालू असतं. टोक शाबूत असेल तर वरच्या भागात इजा झालेल्या बहुसंख्य पुरुषांत हा दुसरा रस्ता चालतो. फक्त कधी चालू होईल नि किती वेळ टिकेल यावर ताबा नसतो, आणि संवेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणजे "संपलं" नाही, पण पूर्वीसारखंही नाही.

यानंतरचा हिरो जाइल्स ब्रिंडली. 1981 मध्ये यानं व्हायब्रेटरच्या मदतीनं पॅराप्लेजियाच्या पुरुषांत स्खलन घडवण्यावर लिहिलं. औषधं टोचण्यापेक्षा कितीतरी सोपा मार्ग. आणि 1983 मध्ये लास व्हेगासला डॉक्टरांसमोर भाषण देताना त्यानं आधी स्वतःलाच इंजेक्शन घेतलं होतं. मुद्दा असा की औषध थेट तिथे टोचलं तर मनात काही असण्याची गरज नाही, आणि लेक्चर देताना कुणाच्या मनात काय असणार! पुरावा म्हणून त्यानं भर सभेत पँट उतरवली. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या म्हणे. व्हायग्रा आली 1998 मध्ये, म्हणजे त्यानंतर 15 वर्षांनी.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, इथवर सगळे पुरुषच. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मित्राच्या बायकोनं विचारलं, "आणि त्याच्याजागी मी असते तर?" शरमलो. बायकांना वर्षानुवर्षं एवढंच सांगितलं गेलं की काही महिन्यांत पाळी परत येते, मूल होऊ शकतं, मग अडचण काय? सुखाचं काय, हे नीट विचारलं गेलं ते 1990 नंतर. 2001 मध्ये मार्का सिप्स्की आणि सहकाऱ्यांना प्रयोगशाळेत दिसलं की इजा झालेल्या निम्म्याहून थोड्या कमी स्त्रियांना कामतृप्ती मिळू शकते. व्हिपल आणि कोमिसारुक यांचं म्हणणं, व्हेगस नावाची नस मज्जारज्जूला वळसा घालून संवेदना मेंदूकडे नेत असावी. ज्या बायकांना "हे तुमच्या मनाचे खेळ" म्हणून घरी पाठवलं असेल, त्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

एक आकडा सांगून थांबतो. 2004 मध्ये किम अँडरसन यांनी 681 जणांना विचारलं, शरीराचं कोणतं काम आधी परत मिळावं? हातपाय चारही गेलेल्यांनी हातांना पहिला नंबर दिला. पाय गेलेल्यांनी? मला वाटलं, चालणं. पण नाही, त्यांनी लैंगिक क्षमतेला दिला. हे वाचून मी मित्राला फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मी एकटा निर्लज्ज नाही तर."

असो. तब्येतीबाबत माझ्या शब्दावर जाऊ नका. सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर अशा प्रयत्नांत ब्लडप्रेशर जिवावर बेतेल इतकं चढू शकतं, तेव्हा पहिला प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मित्रानं पुढच्या शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, दोघं जाणार आहेत. गाडी मी चालवायची आहे. "दारापर्यंत सोड," म्हणाला, "आत येऊ नकोस."